मॅचिंगची कुळकथा

बडोद्याच्या रावपुरा भागात 'मॅचिंग' हा शब्द दोन निरनिराळ्या धंद्यांत चालतो. साडीच्या काठाशी जुळणारे ब्लाउजपीस आणि अस्तर शोधायला गिऱ्हाईक जिथे जाते ते 'मॅचिंग सेंटर' हा त्याचा एक संसार. आणि ॲम्प्लिफायर, स्पीकर, जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणाऱ्याचा बाक हा दुसरा. कापडवाल्याचे मॅचिंग म्हणजे रंगाला रंग. ध्वनियंत्रवाल्याचे मॅचिंग म्हणजे, निदान गिऱ्हाइकाच्या समजुतीप्रमाणे, वॅटला वॅट: स्पीकरच्या पाठीवर शंभर वॅट लिहिले असेल तर ॲम्प्लिफायरही शंभर वॅटचाच हवा, कमी असला तर आवाज निघणार नाही आणि जास्त असला तर स्पीकर उडेल. या समजुतीची कुळी शोधत मागे गेले तर असे आढळते की शब्द जुना असला तरी त्याचा विषय मुळात वॅट नव्हताच. मॅचिंग होत असे ते ओमचे; पुढे यंत्रे बदलली, ओम जुळवण्याची गरज उरली नाही, आणि रिकामा झालेला शब्द वॅटच्या घरी जाऊन बसला.

जुळवणीची ही कल्पना ध्वनियंत्रांच्या आधीची आहे. तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याला रोध म्हणतात आणि त्याचा नियम गेओर्ग ओम याने १८२७ साली मांडला. त्यानंतर सुमारे तेरा वर्षांनी, सेंट पीटर्सबर्गला काम करणाऱ्या आणि नेव्हा नदीवर विजेच्या मोटरने नाव चालवून दाखवणाऱ्या मोरित्झ याकोबीच्या लक्षात आले की विद्युत् घटाचा स्वतःचा अंतर्गत रोध आणि त्याला जोडलेल्या यंत्राचा रोध सारखा असला, की घटातून जास्तीत जास्त शक्ती बाहेर काढता येते. जुळवणीचा हा मूळ सिद्धांत. मात्र त्याची किंमत मोठी आहे, कारण रोध सारखे असले की निम्मी शक्ती यंत्राला मिळते आणि उरलेली निम्मी घटाच्या पोटातच उष्णता होऊन जाते. जास्तीत जास्त शक्ती आणि जास्तीत जास्त काटकसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कित्येक वर्षे भल्याभल्यांच्या ध्यानात आले नाही. विजेच्या यंत्राची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, असे मानणारे तज्ज्ञ १८७० च्या दशकातही होते. एडिसन आणि त्याचा गणिती सहायक फ्रान्सिस अप्टन यांनी १८७९ च्या सुमारास ही कोंडी फोडली ती जुळवणी सोडून देऊन: त्यांनी जनित्राचा अंतर्गत रोध बाहेरच्या दिव्यांच्या रोधापेक्षा मुद्दाम कितीतरी कमी ठेवला, त्यामुळे बहुतेक शक्ती दिव्यांपर्यंत पोचली. वीजपुरवठ्याच्या धंद्याने तेव्हापासून मॅचिंगचे नाव टाकले. ज्या शहरात गुजरात विद्युत मंडळाचे मुख्यालय झाले आणि ज्याच्या आसपास रोहित्रे बनवणारे कारखाने दाटीने उभे राहिले त्या बडोद्यात हे निराळे सांगावे लागत नाही. घरातला दिवा वीजकेंद्राशी 'मॅच' करावा लागतो, असे कोणताही वायरमन म्हणणार नाही.

मापांची नावे याच काळातली. १८८१ साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेने ओम, व्होल्ट आणि अँपिअर मान्य केले, आणि पुढच्याच वर्षी विल्यम सीमेन्स याने ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून शक्तीच्या एककाला वाफेच्या यंत्राचा सुधारक जेम्स वॅट याचे नाव द्यावे, अशी सूचना केली. याच विल्यमचा थोरला भाऊ वेर्नर सीमेन्स याने १८७४ साली घेतलेल्या एकस्वात चुंबकाच्या पोकळीत लोंबणाऱ्या आणि प्रवाहाबरोबर मागेपुढे हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचे वर्णन आहे. पुढे प्रत्येक स्पीकरच्या पोटात बसलेली 'व्हॉइस कॉइल' ती हीच. एका भावाने हलणारे वेटोळे दिले आणि दुसऱ्याने ते जाळणारे माप दिले, असे गमतीने म्हणता येईल.

वीजपुरवठ्याने टाकलेली जुळवणी टेलिफोनने मात्र उचलून धरली, आणि त्याला सबळ कारण होते. वीजकेंद्राला काटकसर महत्त्वाची. टेलिफोनच्या तारेवर मुळात चिमूटभर शक्ती असते, त्यामुळे ती किती वाया गेली यापेक्षा पलीकडच्या कानापर्यंत किती पोचली हा प्रश्न मोठा. शिवाय बोलण्याचा प्रवाह सारखा उलटसुलट होणारा असल्याने त्याला केवळ तारेचा रोध नव्हे तर वेटोळी आणि धारित्रे यांचा मिळून एक एकत्रित अडथळा होतो, जो कंप्रतेप्रमाणे, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येप्रमाणे, बदलतो. ऑलिव्हर हेविसाइडने १८८६ साली या एकत्रित अडथळ्याला 'इम्पीडन्स' हे नाव दिले. मराठी परिभाषेत त्याला 'संरोध' म्हणतात. लांबलचक तारेच्या टोकाला संरोध जुळला नाही तर आवाजाचा काही भाग विहिरीत मारलेल्या हाकेसारखा परत येतो. म्हणून टेलिफोनच्या अभियंत्यांनी प्रत्येक सांध्याला संरोध जुळवण्याचा परिपाठ घातला, आणि १९१५ साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को बोलणे शक्य झाले तोवर मॅचिंग हा त्या धंद्याचा धर्म झाला होता. हा धर्म नंतर चावीच्या ग्रामोफोनलाही लागला. १९२५ साली व्हिक्टर कंपनीने आणलेल्या 'ऑर्थोफोनिक' ग्रामोफोनात विजेचा लवलेश नव्हता, पण त्याच्या सुईपासून कर्ण्यापर्यंतचा प्रत्येक भाग बेल प्रयोगशाळेच्या मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी टेलिफोनच्या तारेचे गणित वापरून एकमेकांशी जुळवलेला होता.

बडोद्याच्या संगीताला या गणिताची गरज तोवर पडली नव्हती. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांच्या हाताखाली १८८६ साली सुरू झालेली गायनशाळा, दरबारी गवई-वाजवय्यांचा हिशोब ठेवणारा 'कलावंत कारखाना', आणि पुढच्या पिढीतले फैयाज खाँ यांचा भारदस्त, घुमारदार आवाज हे सारे विजेवाचून चालणारे होते. माणूस साधे बोलतो तेव्हा त्याच्या तोंडातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती सरासरी एक लक्षांश वॅट असते. कसलेला गवई पूर्ण आवाज लावतो तेव्हाही ती वॅटचा एक लहानसा अंश भरते. आणि १९३१ साली अमेरिकेत पंचाहत्तर वादकांच्या वाद्यवृंदाचे मापन झाले तेव्हा त्याचा क्षणिक उच्चांक सत्तर वॅटच्या आतबाहेर निघाला. म्हणजे हवेला हलवायला फारशी शक्ती लागत नाही. घरातल्या यंत्रावर शंभर वॅट लिहिण्याची पाळी आली ती संगीतामुळे नव्हे, तर विजेचा आवाज करणारे साधन अतोनात उधळे आहे म्हणून.

याच बडोद्यात १८९० साली त्रिभुवनदास गज्जरांच्या देखरेखीखाली कलाभवन निघाले. देशी भाषेतून तंत्रशिक्षण देणाऱ्या या संस्थेचे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत पुढे रूपांतर झाले. याच संस्थानाने १९३१ साली आठ भाषांतले राज्यकारभाराचे शब्द एकत्र मांडणारा 'सयाजी शासनशब्दकल्पतरू' छापला. शब्दांच्या बाबतीत इतके चोखंदळ असलेल्या या गावातही ओम आणि वॅट मात्र जसेच्या तसे राहिले, आणि ते बरेच झाले. 'मॅचिंग'ला देशी शब्द मिळाला असता तर 'जुळणी' म्हणताना लग्नाची बोलणी आठवली असती. देश स्वतंत्र झाला त्या वेळी संस्थानांनी चालवलेली जी पाच रेडिओ केंद्रे होती त्यांत बडोद्याचे एक होते, आणि दरबाराची भिंत ओलांडून संगीत घराघरांत शिरले ते रेडिओच्या लाकडी पेटीतून.

त्या पेटीतला स्पीकर ज्या वंशाचा, त्याचा मूळपुरुष १९२५ सालचा आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात कागदी शंकू, त्याच्या निमुळत्या टोकाला चिकटवलेली व्हॉइस कॉइल आणि तिच्याभोवती चुंबक अशी रचना दिली, जी शंभर वर्षांनंतरही जवळपास तशीच आहे. ती बाजारात आली 'रेडिओला १०४' या नावाने, आणि तिच्या पेटीत ॲम्प्लिफायर होता अवघ्या एका वॅटचा. चित्रपटगृहांनी वेगळी वाट धरली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला त्या सुमारास जगभरच्या बोलपटगृहांत पडद्यामागे मोठमोठे कर्णे बसवले जात होते. हा शब्दही येथे थांबून पाहण्यासारखा आहे, कारण कर्णा हे नगारखान्यात वाजणारे लांब नळीचे धातूचे वाद्य, आणि विजेचा भोंगा आल्यावर मराठीने त्याला नवे नाव न शोधता दरबारातलेच नाव दिले. कर्ण्याचा पसरत जाणारा आकार म्हणजेही एक जुळवणीच आहे: लहान पडद्याला मोकळी हवा फार पातळ, धरायला काही नसल्यासारखी वाटते, कर्णा ती क्रमाक्रमाने जाड करून पडद्याच्या हातात देतो. म्हणून त्याच एका वॅटमध्ये कर्णा घरगुती स्पीकरपेक्षा कितीतरी मोठा बोलतो.

हा फरक मोजण्याचे माप म्हणजे संवेदनक्षमता. स्पीकरला एक वॅट दिला आणि एक मीटरवर आवाज मोजला, की जो डेसिबेलचा आकडा येतो ती त्याची संवेदनक्षमता. डेसिबेलचे गणित बेरजेचे नसून पटींचे आहे: शक्ती दुप्पट झाली तर आकडा तीनने वाढतो, दसपट झाली तर दहाने, शंभरपट झाली तर वीसने, आणि कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण दसपट शक्ती लागते. आजचा मध्यम घरगुती स्पीकर ८७ डेसिबेल देतो, तर मांडवावरचा कर्णा १०७ च्या घरात जातो. वीस डेसिबेलचा हा फरक म्हणजे शंभरपट: कर्ण्याला एक वॅट पुरतो तिथे या स्पीकरला शंभर लागतात. ८७ डेसिबेलचा स्पीकर विजेतला सुमारे तीन दशांश टक्का आवाजात बदलतो आणि बाकीची सारी वीज व्हॉइस कॉइल तापवण्यात जाते. स्पीकरच्या पाठीवरचा वॅटचा आकडा त्याचा आवाज सांगतच नाही. कॉइलचा डिंक सुटण्याआधी ती किती उष्णता सोसेल, एवढेच तो सांगतो.

ओमच्या मॅचिंगचा खरा सुवर्णकाळ व्हॉल्व्हचा. काचेच्या निर्वात नळीतून जाणारा प्रवाह अगदी थोडा पण विद्युत् दाब मोठा असतो, त्यामुळे व्हॉल्व्हला हजारो ओमचा भार हवा असतो. स्पीकरची कॉइल मात्र आठ-पंधरा ओमची. फिलिप्सने १९५३ च्या सुमारास काढलेल्या आणि भारतातल्या असंख्य रेडिओंमध्ये बसलेल्या 'ईएल ८४' या व्हॉल्व्हला सुमारे ५,२०० ओमचा भार मानवतो. ५,२०० आणि ८ यांत ६५० पटींची दरी आहे, आणि ती बुजवायला मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. रोहित्राच्या दोन वेटोळ्यांतल्या वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग म्हणजे संरोधांचे गुणोत्तर, म्हणून ६५० चे वर्गमूळ काढून एका बाजूला साडेपंचवीस वेढ्यांमागे दुसऱ्या बाजूला एक वेढा घालावा लागे. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे कारागीर वेढे मोजायला घड्याळासारखा गणक लावत, दर थराला बटरपेपर घालत आणि शेवटी सगळे वार्निशात बुडवून वाळवत. अशा ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे पितळी स्क्रूंची एक ओळ असते: शून्य, चार, आठ, सोळा. सोळा ओमचा स्पीकर सोळावर, आठचा आठवर. मॅचिंग म्हणजे तो स्क्रू बरोबर निवडणे. त्यात वॅटचा प्रश्नच नव्हता, कारण ज्या पेटीतून तीन-चार वॅट निघत तिथे वाद घालण्याजोगे वॅट होतेच कुठे? १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये विल्यमसन याने आपला पंधरा वॅटचा आराखडा छापला तेव्हा तो घरगुती चैनीचा कळस मानला गेला.

त्या काळची एक ताकीद आजही जुन्या कारागिरांच्या तोंडी आहे: व्हॉल्व्हचा सेट स्पीकर न जोडता चालू करू नये. भार नसला की ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब बेफाम चढतो आणि वेढ्यांमधले कागद भेदून ठिणगी पडते. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि ताकीद नेमकी उलटी झाली: स्पीकर नसला तरी चालेल, पण दोन तारा एकमेकींना लागू देऊ नका. एवढ्या एका उलटापालटीत मॅचिंगचे सगळे स्थित्यंतर सामावले आहे.

ते कसे घडले हे सांगण्याआधी मॅचिंगच्या घराण्यातली एक धाकटी शाखा नोंदवायला हवी, कारण रावपुरा-दांडिया बाजार भागातल्या गणेशोत्सवांत आणि नवरात्रात ती अजून जिवंत आहे. मांडवापासून रस्त्याच्या टोकापर्यंत दहा-बारा कर्णे लावायचे तर लांब तारेतच शक्ती मुरते. म्हणून वीजमंडळ जसे दाब चढवून वीज दूर पाठवते तसेच येथेही ॲम्प्लिफायर आपला आवाज शंभर व्होल्टवर चढवून तारेत सोडतो आणि प्रत्येक कर्ण्याच्या मागे बसलेला लहानसा ट्रान्सफॉर्मर तो उतरवून घेतो. दिल्लीच्या १९४० साली स्थापन झालेल्या अहुजा कंपनीसारख्यांच्या यंत्रांमागे 'शंभर व्होल्ट' लिहिलेला स्क्रू दिसतो तो याचसाठी. या पद्धतीत ओमचा हिशोब कोणी करत नाही. कर्ण्याच्या ट्रान्सफॉर्मरवर दहा, वीस, तीस वॅट अशा खुणा असतात. मांडववाला देवापाशी दहावर आणि चौकात तीसवर तार लावतो, सगळ्यांची बेरीज ॲम्प्लिफायरच्या आकड्याच्या आत ठेवतो, आणि त्याचे काम संपते. वॅटला वॅट जुळवण्याची घरगुती समजूत याच रस्त्याने घरात आली असावी, असे मानायला जागा आहे, कारण वॅटची बेरीज खरोखर जुळवावी लागते अशी ही एकच जागा. निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घालणारे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम मात्र वॅट विचारत नाहीत. ते कानाशी येणारा आवाज विचारतात, आणि शास्त्राच्या दृष्टीने तेच बरोबर आहे.

घरात वॅट फुगायला सुरुवात झाली ती १९५४ पासून. एडगर व्हिल्चर याने आपल्या 'अकूस्टिक रिसर्च' कंपनीतर्फे आणलेला 'एआर-१' हा स्पीकर पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढा होता, तरी कपाटाएवढ्या पेट्यांना लाजवील असा खर्ज देत असे. हवाबंद पेटीत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करण्याची ही युक्ती होती, आणि तिची किंमत संवेदनक्षमतेत मोजावी लागली. व्हिल्चरच्या परिवारातूनच निघालेल्या केएलएच कंपनीचा अँटन हॉफमन याच्या नावाने एक लोखंडी नियम सांगितला जातो: लहान पेटी, खोल खर्ज आणि मोठा आवाज या तिन्हींपैकी कोणत्याही दोन मागाव्यात, तिसरी सोडावी. ग्राहकांनी लहान पेटी आणि खोल खर्ज मागितला, तिसऱ्याची भरपाई वॅटने करायची ठरली, आणि पंधरा वॅटचा कळस दहा वर्षांत पायथा झाला.

एवढे वॅट स्वस्तात पुरवणारे साधन म्हणजे ट्रान्झिस्टर. त्याला प्रवाह हवा तेवढा देता येतो आणि दाब बेताचा लागतो, म्हणून १९६० च्या दशकात आउटपुट ट्रान्सफॉर्मर ॲम्प्लिफायरमधून हद्दपार झाला, आणि त्याच्याबरोबर चार-आठ-सोळाची ती पितळी ओळही. हॅरल्ड ब्लॅक याने १९२७ साली शोधलेल्या ऋण पुनर्भरणाची, म्हणजे निघालेला आवाज मुळाशी ताडून चूक दुरुस्त करत राहण्याची, जोड मिळाल्यावर ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत संरोध ओमच्या एका दशांशापेक्षाही खाली आला. आठ ओमच्या स्पीकरशी त्याची बरोबरी होणे तर दूरच, ऐंशी पटींची तफावत मुद्दाम राखली जाऊ लागली. एडिसन आणि अप्टन यांनी जनित्राच्या बाबतीत १८७९ मध्ये केले तेच ध्वनियंत्रवाल्यांनी ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनी केले. दरम्यान ते टेलिफोनच्या गुरुकुलात वाढत होते, म्हणून उशीर झाला.

आता स्पीकरचे ओम जुळवायचे नसतात, सोसायचे असतात. वीस व्होल्ट देणारा ॲम्प्लिफायर आठ ओमच्या स्पीकरमध्ये अडीच अँपिअर ढकलतो आणि पन्नास वॅट देतो. चार ओमचा स्पीकर लावला तर पाच अँपिअर आणि शंभर वॅट. आणि उत्साहाच्या भरात चार ओमच्या दोन जोड्या एकाच ठिकाणी समांतर जोडल्या तर दोन ओम उरतात, प्रवाह दहा अँपिअरवर जातो आणि उष्णतापट्टीवर बोट टेकवत नाही. शिवाय आठ हा आकडाही नावापुरताच आहे. मल्टिमीटर लावला तर आठ ओमची कॉइल सहाच्या आसपास दाखवते, आणि ग्राहकाला वाटते की आपल्याला फसवले. पण मीटर केवळ तारेचा रोध मोजतो, संरोध कंप्रतेबरोबर सहापासून तीस-चाळीसपर्यंत वरखाली होतो, आणि 'आठ' हे त्या चढउताराला दिलेले टोपणनाव आहे.

ओमचा प्रश्न असा 'किमान किती' एवढ्यावर आल्यावर मॅचिंग हा शब्द वॅटकडे वळला. येथे साधा हिशोब कामी येतो. दहा बाय बाराची खोली, आठ फुटांवर बैठक, ८७ डेसिबेलचे दोन स्पीकर: एक वॅटमध्ये बैठकीपाशी सुमारे ८४ डेसिबेल मिळतात. घरात गाणे ऐकताना सरासरी पातळी ७५ च्या आसपास असते, म्हणजे नऊ डेसिबेल खाली, म्हणजे वॅटचा आठवा हिस्सा. इतक्यात सगळे भागावे. पण संगीत सपाट नसते. तानपुऱ्याचा षड्ज पातळी सोडत नाही, पण त्याच्यावर तबल्याची थाप पडते तेव्हा ती सरासरीच्या वीस डेसिबेल वर उडी घेते, आणि वीस डेसिबेल म्हणजे शंभरपट. आठव्या हिश्शाची शंभरपट म्हणजे साडेबारा वॅट, तेही एका थापेपुरते. दहा वॅटचा ॲम्प्लिफायर तिथे कमी पडतो आणि लाटेचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. दुकानात यालाच 'आवाज फाटतो' म्हणतात, आणि पारिभाषिक 'क्लिपिंग'पेक्षा हा शब्द कितीतरी नेमका आहे.

लहान ॲम्प्लिफायर मोठ्या स्पीकरला जाळतो ही गोष्ट ऐकणाऱ्याला उलटी वाटते, पण तिचे कारण या फाटण्यातच आहे. स्पीकरच्या पेटीत बारीक आवाजासाठी जो लहान 'ट्वीटर' असतो त्याच्या वाट्याला एरवी एकूण शक्तीचा थोडासाच भाग येतो, म्हणून त्याची कॉइल केसासारख्या तारेची असते. आवाज फाटत असूनही बटण पिळत राहिले, की मोठे आवाज छताला टेकतात आणि मधले, बारीक आवाज मात्र वर येतच राहतात. कापलेल्या कडांतून नव्या उंच कंप्रताही जन्मतात. आणि हा सगळा जादा माल ट्वीटरच्या दारात जाऊन पडतो. उलट स्पीकरच्या आकड्यापेक्षा दीड-दोन पट मोठा ॲम्प्लिफायर, बटण समजून फिरवणाऱ्याच्या हातात, स्पीकरला अधिक सुरक्षित असतो. आवाजाच्या बटणावर बसलेला हात हा या साखळीतला एक भाग आहे आणि त्याचे वॅट कोणी छापत नाही.

छापले जातात त्या आकड्यांचाही एक इतिहास आहे, आणि तो फारसा शोभादायक नाही. वॅट हे विकण्याचे माप झाल्यावर अमेरिकेत आकडे इतके फुगले की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला: दोन्ही वाहिन्या एकदम चालवून, किती ओमवर, कोणत्या कंप्रतांत आणि किती विकृतीसह मोजले हे सांगितल्याशिवाय शक्तीचा आकडा छापू नये. भारतात असे बंधन नव्हते, आणि १९९० च्या दशकात प्रत्येक टू-इन-वनच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'पीएमपीओ' ही अक्षरे अवतरली. पुढे हजारांतला आकडा आणि मागच्या पट्टीवर वीजवापर पंचवीस-तीस वॅट, असे एकाच वस्तूवर शेजारी छापलेले असे. घेतलेल्यापेक्षा अनेक पटींनी शक्ती देणारे ते यंत्र खरे असते तर वीजमंडळाला धंदा गुंडाळावा लागला असता. या आकड्याला कोणतेही प्रमाण नव्हते. त्याच्याविरुद्ध उभा केला जाणारा 'आरएमएस वॅट' प्रामाणिक असला तरी भाषेच्या दृष्टीने सदोषच आहे, कारण वर्गमध्यमूळ काढतात ते दाबाचे; त्यावरून येणारी शक्ती ही साधी सरासरी शक्ती असते.

पीएमपीओच्या त्याच दशकात दुरुस्तीच्या बाकांवर दुसरे एक जग चालू होते. 'टूएन ३०५५' या जाडजूड धातूच्या ट्रान्झिस्टरवर बांधलेले ॲम्प्लिफायर, आणि नंतर सान्यो कंपनीच्या 'एलए ४४४०' या चिपवरचे, म्हणजे बाजारभाषेत 'फोर्टी फोर फोर्टीचा बोर्ड', हे त्या जगाचे चलन. कंपनीच्या कागदाप्रमाणे ही चिप बारा-तेरा व्होल्टवर दोन बाजूंना प्रत्येकी सहा वॅट देते, दोन्ही बाजू एकत्र जोडल्या तर एकोणीस. आणि त्या सहा वॅटवर प्लायवुडच्या पेटीतले आठ इंची स्पीकर वाजवून अनेक घरांनी वर्षानुवर्षे भावगीते ऐकली, कारण खोली दहा बाय बाराचीच होती.

आता स्पीकरच्याच पोटात ॲम्प्लिफायर बसवलेला असतो, आणि घेणाऱ्याला ओमही विचारावे लागत नाहीत, वॅटही नाही. जुळवणी कारखान्यात होऊन गेलेली असते. ती पुन्हा उघडी पडते ते यंत्र बिघडून बाकावर आल्यावर. कारागीर मागचे स्क्रू काढतो, कोन बोटांच्या टोकांनी हलकेच आत दाबून कॉइल घासते का ते पाहतो, मग दीड व्होल्टचा सेल तारांना टेकवतो: टक असा आवाज होऊन कोन बाहेर आला तर तार सुलट, आत गेला तर उलट, आणि काहीच झाले नाही तर कॉइल जळाली. चुंबकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर बहुधा चार ओम लिहिलेले असते. बाजारात हाताशी मिळतो तो आठचा. तो बसतो, वाजतोही, पण दाब तोच राहून प्रवाह निम्मा होतो, आणि दुरुस्त झालेली बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा तीन डेसिबेल हळू बोलते. म्हणून चांगला कारागीर ग्राहकाला दोन दिवस थांबायला सांगतो आणि चार ओमचाच कोन मागवतो.